बाळाचा विचार सुरू केलात? आधी पाळीची वही काढा

उन्हाळ्यात लग्न लागतं आणि पोळा होत नाही तोच विचारणा सुरू होते, "काही आहे का वं?" संक्रांतीपर्यंत काही नसलं तर शेजारीण एखाद्या महाराजांचा पत्ता देते. पुढच्या उन्हाळ्यात शहरातला मोठा दवाखाना, सोनोग्राफी, इंजेक्शनं, आणि कापसाच्या चुकाऱ्यातला मोठा वाटा संपलेला. एवढं सगळं होतं, पण त्या मुलीची पाळी नेमकी कधी येते हे कुठेच लिहिलेलं नसतं आणि नवऱ्याची एकही तपासणी झालेली नसते.

मी खेड्यातल्या उपकेंद्रात नर्स आहे. हा लेख नवीन लग्न झालेल्या आणि बाळाचा विचार करणाऱ्या जोडप्यांसाठी आहे. नुकत्याच कामाला लागलेल्या आशाताईंनाही तो उपयोगी पडेल. पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत, त्याच क्रमाने घ्या. क्रम चुकला की पैसा जातो, वर्षं जातात आणि बोल मात्र बाईला लागतो.

सुरुवातीलाच वयाचं सांगते. कायद्याने लग्नाचं वय मुलीसाठी १८ आणि मुलासाठी २१ आहे, पण अठरा लागली म्हणून लगेच बाळंतपण व्हायला पाहिजे असं नाही. विशीच्या आतल्या गर्भारपणात रक्त कमी असणं, रक्तदाब वाढणं, बाळ कमी वजनाचं होणं हे धोके जास्त असतात. थोडं थांबायचं असेल आणि सासूबाईंना ते तोंडाने सांगता येत नसेल, तर आम्हाला घरी बोलवा. आम्ही सांगतो.

पायरी पहिली: वही

दोनशे पानी वही नको, भिंतीवरचं कॅलेंडरही चालतं. ज्या दिवशी नीट लाल रक्त सुरू झालं, तो पहिला दिवस. नुसता डाग दिसला तो धरायचा नाही. तिथपासून पुढच्या पाळीच्या आदल्या दिवसापर्यंत मोजलं की तुमचं चक्र किती दिवसांचं ते कळतं. समजा पाळी ३ जूनला आली आणि पुढची २ जुलैला, तर चक्र २९ दिवसांचं.

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. बाई चौथ्या-पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हाते, आणि बऱ्याच घरांत मोजणी त्या न्हाण्यापासून धरतात. मग तीन-चार दिवसांचा फरक पडतो. योग्य दिवस हुकतात, आणि पुढे दिवस राहिले तर बाळंतपणाची तारीखही चुकते. "अमावस्येच्या आगंमागं येते" असंही बायका सांगतात. डॉक्टरला त्यावरून काही काढता येत नाही. तारीख लागते.

तारखेसोबत आणखी चार गोष्टी लिहा: रक्त किती दिवस गेलं, दिवसाला किती पॅड किंवा कपडे लागले, दुखणं कामं सोडायला लावेल इतकं होतं का, आणि नवरा त्या महिन्यात घरी होता का. शेवटची गोष्ट का लिहायची ते पुढे येईल. निदान तीन महिने असं लिहा.

चक्र २१ ते ३५ दिवसांच्या मध्ये असेल आणि रक्तस्राव दोन ते सात दिवस असेल, तर ते ठीक आहे. दर महिन्याला दोन-चार दिवस मागेपुढे होणं हेही ठीकच. पस्तिसाच्या पुढे वारंवार जात असेल, एकविसाच्या आत येत असेल, तीन महिने आलीच नसेल किंवा तासाभरात पॅड भिजून गाठी पडत असतील, तर वही घेऊन दवाखान्यात या. वर्षभर थांबायची गरज नाही.

पायरी दुसरी: आत काय चालतं ते समजून घ्या

पुढे जो तो तुम्हाला काही ना काही सांगणार आहे. त्यातलं खरं काय आणि उगाच काय, हे ओळखायचं तर आतली घडण माहीत असायला हवी. म्हणून या पायरीवर जरा वेळ द्या.

पाळीची सुरुवात पोटात होत नाही, मेंदूत होते. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. तो ठरावीक अंतराने जीएनआरएच हे हार्मोन सोडतो. त्याच्या खालीच पिट्युटरी ही छोटी ग्रंथी आहे. तिला ते पोचलं की ती रक्तात दोन हार्मोन सोडते, एफएसएच आणि एलएच. एफएसएचमुळे अंडाशयातल्या काही बारीक पिशव्या वाढायला लागतात. त्यांना फॉलिकल म्हणतात आणि प्रत्येकीत एक अंडं असतं. त्यातली साधारण एकच पुढे जाते, बाकीच्या विरून जातात. पुढे गेलेली वीस मिलिमीटरच्या आसपास होते. वाढता वाढता ती इस्ट्रोजेन हे हार्मोन तयार करते, आणि त्या इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाचं आतलं अस्तर जाड होत जातं.

इस्ट्रोजेन पुरेसं वाढून दोनेक दिवस तसंच राहिलं की पिट्युटरी एकदम भरपूर एलएच सोडते. त्यानंतर साधारण ३६ तासांत फॉलिकल फुटतं आणि अंडं बाहेर पडून गर्भाशयाकडे जाणाऱ्या नळीत येतं. हे अंडं १२ ते २४ तासच जगतं. नवऱ्याचे शुक्राणू मात्र बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढचा सगळा हिशेब त्यांच्यावर आहे.

फुटलेल्या फॉलिकलचं काम अजून संपलेलं नसतं. ते आता प्रोजेस्टेरॉन तयार करू लागतं. त्यामुळे अस्तर गर्भ रुजण्यासारखं होतं, अंगाचं तापमान किंचित वाढतं, छाती जड वाटते. गर्भ राहिला नाही तर दोनेक आठवड्यांनी ते सुकतं, प्रोजेस्टेरॉन उतरतं आणि अस्तर रक्तासोबत बाहेर पडतं. ती पाळी. जे बाहेर पडतं ते बाळासाठी तयार झालेलं अस्तर असतं, त्यात विटाळाचं काहीही नाही. गडचिरोलीकडे काही गावांत अजून बायकांना पाळीत कुर्माघरात, म्हणजे वेगळ्या झोपडीत, राहावं लागतं, इकडे काही घरांत वेगळं बसवतात. निदान त्या दिवसांत तिला पोटभर जेवण, स्वच्छ कोरडे कपडे आणि कोरडी जागा मिळाली पाहिजे. यात तडजोड नको.

आता मुद्द्याची गोष्ट. अंडं फुटल्यापासून पाळीपर्यंतचा काळ जवळजवळ ठरलेला, १४ दिवसांच्या आसपास असतो. लांबतो किंवा आखडतो तो त्याच्या आधीचा भाग. ज्या बाईचं चक्र ४० दिवसांचं आहे, तिचं अंडं २६ व्या दिवसाच्या सुमारास बाहेर येईल, चौदाव्या दिवशी येणार नाही. सरसकट सगळ्यांना "चौदावा दिवस" सांगणं म्हणूनच चुकीचं आहे. ताप, मोठी काळजी, एकदम घटलेलं वजन, दिवसभर वेचणी किंवा रोवणी आणि पोटात दीड भाकर, अशा वेळी मेंदू जीएनआरएच कमी करतो आणि अंडं उशिरा तयार होतं किंवा होतच नाही. हंगामात पाळी लांबू शकते ती यामुळे.

थायरॉईड बिघडला तरी चक्र बिघडतं. प्रोलॅक्टिन हे दूध आणणारं हार्मोन वाढलं की जीएनआरएच दबतं, म्हणून अंगावर पाजणाऱ्या आईची पाळी बरेच महिने येत नाही. पीसीओडी हा शब्द आता खेड्यातही पोचला आहे. सोनोग्राफीत पुष्कळ बारीक ठिपके दिसले की "गाठी झाल्या" म्हणून घरात रडारड होते. त्या गाठी नसतात. ती अर्ध्यावर थांबलेली फॉलिकल असतात. पुष्कळ सुरू झाली, पुरी एकही झालं नाही, एवढाच त्याचा अर्थ. वजन जास्त असेल तर ते शेकडा ५ ते १० इतकं जरी उतरलं, तरी बऱ्याच जणींची पाळी रुळावर येते. बारीक बाईलाही पीसीओडी असू शकतो, तिला मात्र उपाशी ठेवू नका.

आणखी एक. अंड्यांचा साठा मुलगी जन्मते तेव्हाच ठरलेला असतो. जन्मावेळी १० ते २० लाख, वयात येताना तीन-चार लाख, आणि त्यातली आयुष्यात साधारण ४०० च बाहेर येतात. पस्तिशीनंतर संख्या आणि दर्जा दोन्ही झपाट्याने उतरतात. हा साठा वाढवणारा काढा, पूड किंवा ताईत जगात नाही. कोणी देत असेल तर पैसे देऊ नका.

पायरी तिसरी: योग्य दिवस

आपलं चक्र किती दिवसांचं, त्यातून १४ वजा करा. ३० दिवसांचं असेल तर सोळावा दिवस. त्याच्या आधीचे पाच दिवस आणि तो दिवस, म्हणजे ११ ते १६, हे दिवस राहण्याचे दिवस. २६ दिवसांचं चक्र असेल तर ७ ते १२. चक्र दर महिन्याला बदलत असेल तर सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठं अशी दोन्ही घेऊन मधली पूर्ण मुदत धरा.

शरीर स्वतःही खूण देतं. अंडं फुटायच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत अंगावरून जाणारं पाणी पातळ, चकचकीत आणि कोरफडीच्या गरासारखं बोटांत ताणलं जाणारं होतं. अंडं फुटून गेलं की ते घट्ट होतं किंवा दिसेनासं होतं. ताणलं जाणारं पाणी दिसतंय ते दिवस सगळ्यात चांगले. या पाण्याला वास नसतो, खाज नसते. वास किंवा खाज असेल तर तो जंतुसंसर्ग आहे, त्याचा उपचार घ्या. औषधाच्या दुकानात एलएच तपासायच्या पट्ट्या मिळतात, पण वही नीट असेल आणि पाणी ओळखता येत असेल तर बहुतेकींना त्यांची गरज पडत नाही.

या दिवसांत एक दिवसाआड संबंध पुरेसा आहे. "शक्ती साठवून" महिन्यातून एकदाच येण्याने फायदा होत नाही, उलट जास्त दिवस साठलेल्या शुक्राणूंची हालचाल मंदावते. संबंधानंतर पाय वर करून तासभर झोपायची गरज नाही. थोडं बाहेर आलं म्हणजे वाया गेलं असंही नाही. लाळ, तेल किंवा क्रीम लावू नका, त्याने शुक्राणूंना त्रास होतो.

एका खोलीच्या घरात सासू-सासरे, दीर, नणंद झोपलेले असताना हे दिवस पाळणं किती कठीण आहे, हे मला माहीत आहे. घरातल्या मोठ्यांनो, नातवंड हवं असेल तर त्या दोघांना दाराला कडी लागेल अशी जागा द्या. हा सल्ला मी संकोच न करता देते.

आणि वहीतली ती शेवटची नोंद. नवरा पुण्याला, सुरतेला किंवा हैदराबादला कामाला असतो, पोळ्याला आणि दिवाळीला चार-चार दिवस येतो. लग्नाला दोन वर्षं झाली तरी योग्य दिवसांत दोघं एकत्र किती महिने होते, ते वहीत बघा. बरेचदा तीन किंवा चारच निघतात. अशा जोडप्याला काही आजार नाही, त्यांना फक्त एकत्र राहायला मिळालेलं नाही. सुट्टी घ्यायचीच असेल तर ती वहीतल्या तारखा बघून घ्या.

पायरी चौथी: दोघांची तयारी, तीन महिने आधी

तीन महिने का? पुरुषाच्या शरीरात शुक्राणू तयार होऊन बाहेर यायला अडीच ते तीन महिने लागतात. आज सोडलेल्या खर्ऱ्याचा, म्हणजे घोटलेल्या तंबाखू-सुपारीचा, फायदा तीन महिन्यांनी दिसतो.

आपल्या भागात पहिली तपासणी सिकलसेलची. आई-बापाकडून येणारा हा रक्ताचा आजार विदर्भात मोठ्या प्रमाणात आहे आणि तो एकाच समाजापुरता नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात सोल्युबिलिटी चाचणी फुकट होते, थोडंसं रक्त लागतं. ती पॉझिटिव्ह आली तर तुम्ही वाहक आहात की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पुढच्या तपासणीत कळतं. वाहक माणसाकडून हा दोष बाळाकडे जाऊ शकतो, तो स्वतः मात्र धडधाकट असतो, त्याला औषध लागत नाही. पण दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता शंभरात २५ असते. "पहिलं चांगलं झालं, आता दुसऱ्याला होईल" असा पाळीपाळीचा हिशेब यात नाही, प्रत्येक वेळी तेवढीच शक्यता. हे आधी कळलं तर गर्भारपणाच्या पहिल्या काही महिन्यांतच बाळाची तपासणी करता येते आणि पुढचा निर्णय दोघांना घेता येतो. बाई स्वतः सिकलसेलची रुग्ण असेल आणि हायड्रॉक्सीयुरिया चालू असेल, तर दिवस राहण्याआधी डॉक्टरांशी बोला. गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

मग हिमोग्लोबिन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांचं रक्त कमी निघालं. लोहाच्या गोळ्या उपकेंद्रात फुकट आहेत. गोळी चहासोबत घेतली तर लोह नीट शोषलं जात नाही, लिंबू किंवा आवळ्यासोबत घेतली तर चांगलं शोषलं जातं. शौच काळी होते, घाबरू नका. सिकलसेलच्या रुग्णाने मात्र लोह डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. तुरीचं वरण, पालेभाज्या, तीळ, शेंगदाणे, जमत असेल तर अंडी आणि मासे, हे बाईच्या ताटात रोज पडायला हवं. ती सगळ्यांत शेवटी जेवते तोवर भाजी संपलेली असते, हेही बदलायला हवं.

फॉलिक ॲसिडची गोळी रोज ४०० मायक्रोग्रॅम, दिवस राहण्याच्या निदान महिनाभर आधीपासून. बाळाच्या पाठीचा कणा आणि मेंदू ज्या नळीपासून बनतात, ती गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत बंद होते. तोपर्यंत बऱ्याच बायकांना पाळी चुकल्याचंही लक्षात आलेलं नसतं. म्हणून ही गोळी आधी घ्यायची.

खर्रा, नस, गुडाखू, विडी. पुरुषांत यामुळे शुक्राणूंची संख्या आणि हालचाल घटते, बायकांत अंड्यांवर आणि पुढे गर्भावर परिणाम होतो. खर्रा फक्त माणसंच खातात असं समजू नका, वावरात जाणाऱ्या कितीतरी बायका खातात आणि सांगत नाहीत. दारूचंही तेच. ताकदीसाठी म्हणून व्यायामशाळेत घेतलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं तर शुक्राणू पार बंद करू शकतात.

फवारणीबद्दलही बोललं पाहिजे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते कोणी विसरलेलं नाही. फवारा मारणारा पुरुष असला तरी ड्रममध्ये पाणी ओतणारी आणि संध्याकाळी ते कपडे धुणारी बाईच असते. बाळाचा विचार चालू असताना तिने औषध कालवू नये, फवारलेल्या वावरात लगेच निंदायला जाऊ नये. फवारणाऱ्याने हातमोजे, मास्क आणि अंगभर कपडे घालावेत, ते कपडे वेगळे आणि स्वतःच धुवावेत.

आधी पाळणा लांबवण्याचं साधन वापरत असाल तर तेही जाणून घ्या. तांबी काढली की त्याच चक्रात दिवस राहू शकतात. माला-एन किंवा छाया या गोळ्या बंद केल्यावर फार वाट पाहावी लागत नाही. अंतरा इंजेक्शनचं वेगळं आहे, शेवटच्या इंजेक्शननंतर सात ते दहा महिने लागू शकतात. अंतराने कायमचं वांझपण येतं ही अफवा आहे, उशीर मात्र होतो.

पायरी पाचवी: थांबणं

सगळं नीट असलेल्या तरुण जोडप्यातही एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता शंभरात २० ते २५ च असते. वर्षभरात शंभरातल्या सुमारे ८५ जोडप्यांना दिवस राहतात. म्हणजे दोन-तीन महिने गेले तर काहीही बिघडलेलं नाही. बाईचं वय ३५ च्या आत असेल तर एकत्र राहून एक वर्ष, पुढे असेल तर सहा महिने, आणि मग तपासणी.

काही जणांनी मात्र थांबायचं नाही. पाळी फार अनियमित असेल, बाईला किंवा नवऱ्याला पूर्वी टीबी झाला असेल, पोटाचं ऑपरेशन झालं असेल, संबंधाच्या वेळी खूप दुखत असेल, नवऱ्याचा अंडकोष लहानपणी खाली उतरला नसेल किंवा वयात आल्यावर गालगुंडात तो सुजला असेल. आणि संबंधच नीट होत नसतील तर तेही सांगा. लाजून वर्षं काढणारी जोडपी मी पाहिली आहेत, आणि त्यावर उपाय असतो.

पायरी सहावी: तपासणी, आणि ती नवऱ्यापासून

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाच्या बाजूचंही कारण असतं, एकटं किंवा बाईच्या कारणासोबत. वीर्याची तपासणी सगळ्यात स्वस्त, सगळ्यात सोपी, त्यात सुई नाही, भूल नाही. तरी बाईच्या चार सोनोग्राफ्या होतात आणि नवरा म्हणतो, "मले का झालं? मी त धडधाकट आहो." धडधाकट असण्याचा, संबंध ठेवता येण्याचा आणि शुक्राणूंचा काही संबंध नाही. मिशीला पीळ असलेल्या माणसाचा रिपोर्ट शून्य येऊ शकतो, आणि त्यात त्याची मर्दानगी कुठेही कमी होत नाही. आशाताईंनो, हे बायकोच्या हाती निरोप देऊन होत नाही. आरोग्यसेवक दादांना सोबत घ्या आणि त्याच्याशी वेगळं बोला.

दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा असतो. प्रयोगशाळेने दिलेल्या डबीतच, निरोधमध्ये नाही. तासाभरात तो तपासायला जायला हवा, म्हणून गाव लांब असेल तर तिथेच देणं बरं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मापांनुसार एका मिलिलिटरमध्ये १.६ कोटी शुक्राणू आणि पुढे सरकणारे शेकडा ३० ही खालची मर्यादा धरतात. आकडा कमी आला तर एका रिपोर्टवर काही ठरवू नका. मधे ताप येऊन गेला असेल तरी कमी येतो. तीनेक महिन्यांनी पुन्हा करा. शून्य आला तर मात्र लगेच तज्ज्ञाकडे जा.

बाईच्या तपासण्यांना वार नसला तरी दिवस असतो. थायरॉईडचं टीएसएच कधीही चालतं. एफएसएच आणि एलएच पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. अंडं तयार झालं का हे सांगणारं प्रोजेस्टेरॉन पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी. २८ दिवसांच्या चक्रात तो एकविसावा दिवस येतो, ३५ च्या चक्रात अठ्ठाविसावा. नळ्या मोकळ्या आहेत का ते बघणारा एक्स-रे, म्हणजे एचएसजी, पाळी संपल्यावर, चक्राच्या दहाव्या दिवसाच्या आत. बघा, वही नसेल तर यातली अर्धी तपासणी चुकीच्या दिवशी होते आणि रिपोर्ट कुचकामी ठरतो.

नळ्या बंद होण्याची आपल्याकडची मोठी कारणं म्हणजे न उपचारलेला संसर्ग आणि टीबी. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या. तो अभ्यास १९८९ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आला. त्यात ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा कुठला ना कुठला त्रास निघाला आणि त्याआधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या. अंगावरून पांढरं जाणं, कंबर दुखणं हे बाईच्या जन्माला पुजलेलं आहे असं समजून सोडून देण्याची सवय अजून गेलेली नाही. संसर्ग असेल तर औषध दोघांनीही घ्यायचं, नाहीतर तो पुन्हा येतो. गर्भाशयाचा टीबी खोकल्याशिवायही असतो. त्याची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट आहेत आणि कोर्स साधारण सहा महिन्यांचा असतो. तो अर्ध्यावर सोडू नका.

दोन गोष्टींना सरळ नाही म्हणा, किंवा निदान "का?" विचारा. मूल राहावं म्हणून क्युरेटिंग, म्हणजे पिशवी साफ करणं. टीबीसारखा काही ठोस संशय असल्याशिवाय त्याची गरज नसते, आणि वारंवार केल्याने अस्तरच खराब होतं. दुसरं, नवऱ्याचा रिपोर्ट न बघताच बाईला अंडं वाढवायच्या गोळ्या सुरू करणं. या गोळ्या डॉक्टरच्या देखरेखीखालीच घ्यायच्या, मेडिकलवरून आणून नाही. आणि मुलगा होण्याचं औषध कोणी दिलं तर घेऊ नका. मुलगा की मुलगी हे शुक्राणूवर ठरतं आणि गर्भ राहतो त्या क्षणीच ठरून गेलेलं असतं.

पायरी सातवी: जायचं कुठे

आधी प्राथमिक आरोग्य केंद्र, मग ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय. तिथून पुढे जिल्ह्याचं स्त्री रुग्णालय: नागपूरचं डागा, अमरावतीचं डफरीन, अकोल्याचं लेडी हार्डिंग, गोंदियाचं बाई गंगाबाई. मोठ्या तपासण्यांसाठी नागपूरचं मेडिकल आणि मेयो, एम्स, यवतमाळ आणि चंद्रपूरची वैद्यकीय महाविद्यालयं, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय. जिथे जाल तिथे वही, दोघांचे जुने रिपोर्ट आणि औषधांच्या चिठ्ठ्या एका पिशवीत न्या. प्रत्येक दवाखान्यात त्याच तपासण्या पुन्हा करण्यात फार पैसा जातो.

टेस्ट ट्यूब बेबीचा सल्ला मिळाला तर घाई करू नका. २०२१ च्या कायद्याने अशा प्रत्येक केंद्राची नोंदणी सक्तीची आहे. नोंदणीचं प्रमाणपत्र बघा, एकूण खर्च लिहून मागा, आणि तुमच्या वयाच्या बाईला बाळ हाती येण्याची शक्यता किती हे विचारा. वावर विकून पैसा उभा करण्याआधी सरकारी महाविद्यालयातल्या डॉक्टरांचं दुसरं मत घ्याच.

पायरी आठवी: पाळी चुकली तर

पाळी चुकून आठवडा झाला की आशाताईकडून निश्चय किट घ्या. सकाळच्या पहिल्या लघवीचे थेंब टाका. गर्भ रुजल्यावर तयार होणारं एचसीजी हार्मोन ती पट्टी ओळखते. फार लवकर केली तर दिवस राहिले असूनही "नाही" दाखवते, तेव्हा दोन-तीन दिवसांनी पुन्हा करा. दोन रेघा आल्या की बारा आठवड्यांच्या आत उपकेंद्रात नोंदणी करा, फॉलिक ॲसिड चालू ठेवा, आणि दर महिन्याच्या ९ तारखेला आरोग्य केंद्रात होणाऱ्या मातृत्व तपासणीला या. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे ५००० रुपये मिळतात, त्याचा अर्ज आशाताई भरून देतात.

सुरुवातीच्या आठवड्यांत एक गोष्ट मात्र घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या. पाळी चुकलेली आहे आणि ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखतंय, डाग जातायत, खांद्यात कळ येतेय, चक्कर येऊन घाम फुटतोय, असं झालं तर गर्भ नळीत अडकलेला असू शकतो. नळी फुटली तर रक्त पोटातच साठतं, बाहेर फार दिसतही नाही. शेक देऊन झोपवून ठेवू नका, सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा आणि जिथे ऑपरेशनची आणि रक्ताची सोय आहे, अशाच रुग्णालयात तिला न्या.